पाणबुड्याच्या हृदयातली झडप

२७ जुलै २०१९ ची सकाळ बदलापूरकर सहसा विसरणार नाहीत. आदल्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे उल्हास नदीच्या पुरात अडकून पडली होती. रूळ कुठे आणि नदी कुठे, काही कळत नव्हतं. डब्यांच्या चहूबाजूंना गढूळ पाणी, आणि आत सुमारे १,०५० माणसं. त्यात गरोदर बायकाही होत्या. एनडीआरएफचे जवान रबरी बोटी घेऊन आले, नौदल आलं, हवाई दलाची हेलिकॉप्टरं आली, आसपासच्या गावातली माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरली. दुपारपर्यंत सगळे प्रवासी सुखरूप बाहेर आले.

आम्ही शेजारीपाजारी टीव्हीसमोर बसलो होतो. नौदलाच्या पथकात पाणबुडेही आहेत, असं निवेदक सांगत होता. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने मला विचारलं, ‘‘काका, तुम्ही शाळेच्या सहलीला मुलांना फिटनेस सर्टिफिकेट देता, तसं या लोकांनाही लागतं का हो?’’

लागतं. माझ्या सर्टिफिकेटपेक्षा ते बरंच अवघड असतं. पाणबुड्याच्या हृदयात डॉक्टर नेमकं काय शोधतात आणि ते शोधायला ते कधी शिकले, ही गोष्ट मला तेव्हा अर्धवटच माहीत होती. निवृत्तीनंतर वेळ मिळाला म्हणून शोधून वाचली. ती आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात समुद्रात होत नाही, नदीच्या पुलाखाली होते. पुलाचे खांब नदीच्या तळात रोवायचे तर तळावर माणसं उतरवायला हवीत. त्यासाठी एकोणिसाव्या शतकात एक युक्ती निघाली. लोखंडाची किंवा लाकडाची प्रचंड पेटी पालथी करून तळावर बसवायची आणि वरून पंपाने इतकी हवा भरायची की खालून पाणी आत शिरणारच नाही. बादली पालथी धरून हौदात दाबली की आतली हवा पाण्याला अडवते, तसंच हे. या पेटीला ‘केसॉन’ म्हणतात. फ्रान्समध्ये त्रिजे नावाच्या इंजिनिअरने लुआर नदीच्या वाळूखालचा कोळसा काढायला ही युक्ती वापरली आणि १८४१ मध्ये तिचा वृत्तांत दिला. त्यात त्याने एक गोष्ट जाता जाता नोंदवली होती. सात तास आत काम करून बाहेर आलेल्या दोन मजुरांचे सांधे भयंकर दुखू लागले होते.

पुढे पोल आणि वातेल या दोन फ्रेंच डॉक्टरांनी खाणीतल्या अशा मजुरांवर लक्ष ठेवलं आणि १८५४ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. आत असताना काही होत नाही, त्रास होतो तो बाहेर पडताना, ही पहिली. दुसरी अशी, की अठरा ते सव्वीस वयाच्या पोरांना हे काम जितकं सोसतं तितकं वय झालेल्यांना सोसत नाही. कोणाला आत पाठवावं आणि कोणाला नाही, हा विचार माझ्या माहितीप्रमाणे इथे पहिल्यांदा कागदावर आला.

मग अमेरिकेतले दोन मोठे पूल आले. सेंट लुइसला मिसिसिपी नदीवर जेम्स ईड्सचा पूल १८७० च्या सुमारास चालू होता. तिथे साडेतीनशेच्या आसपास माणसं केसॉनमध्ये उतरली. त्यांतली बारा-तेरा मेली, कित्येक लुळी झाली. तिथले डॉक्टर जामिने स्वतः खाली उतरून पाहून आले आणि वर आल्यावर काही दिवस त्यांचे हातपाय चालेनात. पेशंटचं दुखणं इतक्या जवळून पाहिलेला डॉक्टर विरळाच! दुसरा पूल न्यूयॉर्कचा ब्रुकलिन ब्रिज. त्याचा मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये या दुखण्याने असा कोसळला की पुढचं काम त्याने घराच्या खिडकीतून दुर्बिणीने पाहिलं आणि त्याची बायको एमिली निरोप घेऊन साइटवर जाऊ लागली. चौदा वर्षं चाललेल्या त्या बांधकामाचा पुढचा बराचसा भार या बाईने वाहिला.

ब्रुकलिनला डॉक्टर होते अँड्र्यू स्मिथ. ‘केसॉन डिसीज’ हे नाव त्यांचं. मजुरांनी मात्र त्याला ‘बेंड्स’ म्हटलं, कारण कळा आलेला माणूस वाकून चालायचा आणि त्या काळी तिकडच्या फॅशनेबल बायकांमध्ये वाकून चालण्याची एक टूम होती. तिची ही टवाळी. तर या स्मिथनी नियम केला, की नवा मजूर घेताना त्याचं हृदय आणि फुप्फुसं तपासायची, दोष असेल त्याला घ्यायचं नाही. पाण्याखाली काम करणाऱ्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावायची पद्धत अशी रुजली.

गंमत अशी, की नियम बरोबर होता आणि कारण चूक. स्मिथना वाटे, की दाबामुळे रक्त त्वचेकडून आत ढकललं जातं, मेंदूत आणि मज्जारज्जूत तुंबतं आणि त्यामुळे हे होतं. खरं कारण १८७८ मध्ये फ्रान्सच्या पॉल बेर यांनी दाखवलं. गोळीसोड्याची बाटली आठवा. गोळी आत दाबली, दाब सुटला, की इतका वेळ पाण्यात गुपचूप विरघळलेला वायू फसफसून वर येतो. दाबाखाली श्वास घेणाऱ्या माणसाच्या रक्तात आणि चरबीत हवेतला नायट्रोजन असाच विरघळत जातो. दाब एकदम सुटला की त्याचे बुडबुडे होतात.

मग उपाय उघड होता. बाटली हळू उघडायची. किती हळू, हे इंग्लंडच्या जॉन स्कॉट हाल्डेन यांनी ब्रिटिश नौदलासाठी ठरवलं. त्यांनी बोकडांना दाबाच्या टाकीत ठेवून प्रयोग केले, नंतर माणसांवर केले, आणि पाणबुड्याने कोणत्या खोलीवरून वर येताना कुठे किती मिनिटं थांबायचं याची कोष्टकं १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. या प्रयोगांच्या वेळी, १९०६ मध्ये, त्यांनी आपल्या तेरा वर्षांच्या मुलालाही पाणबुड्याचा पोशाख चढवून स्कॉटलंडच्या समुद्रात उतरवलं होतं. पोशाख मोठ्या माणसाचा, त्यात पाणी शिरलं, पोरगा थंडीने कुडकुडत वर आला. हाच मुलगा पुढचा प्रख्यात शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन. १९५७ मध्ये तो कोलकात्याला राहायला आला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. मृत्यूनंतर त्याचा देह त्याच्याच इच्छेने काकीनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला दिला गेला. विषयाला सोडून झालं हे, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

हाल्डेनच्या कोष्टकांनी हजारो माणसं वाचवली. पण एक कोडं सुटेना. कोष्टक तंतोतंत पाळलेला, जवान, धडधाकट पाणबुड्या वर येतो आणि दहा-पंधरा मिनिटांत त्याचे पाय जातात, किंवा डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलताना जीभ अडखळते. त्याच्याच बरोबर उतरलेला, त्याच्याच बरोबर वर आलेला सोबती मात्र मजेत चहा पीत असतो. असा मार बसलेल्या पाणबुड्यांकडे बरेचदा संशयाने पाहिलं जाई. यानेच काहीतरी घाई केली असेल, आता कबूल करत नाही!

हे कोडं सुटायला ऐंशी वर्षं लागली.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मेरिल स्पेन्सर आदींनी डॉप्लर यंत्र पाणबुड्यांच्या छातीवर लावून ऐकायला सुरुवात केली. रक्तातून बुडबुडा गेला की त्या यंत्रात आवाज येतो. असं दिसलं, की काहीही त्रास न झालेल्या, कोष्टक पाळलेल्या माणसांच्या शिरांतूनही वर आल्यावर बुडबुडे वाहत असतात. म्हणजे बुडबुडे होणं ही जवळजवळ नित्याची गोष्ट. मग बाकीच्यांना त्रास का होत नाही? कारण शिरांतलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं, तिथून फुप्फुसात जातं आणि फुप्फुसातल्या केसाहून बारीक वाहिन्यांत हे बुडबुडे गाळले जातात. चहाच्या गाळणीत पत्ती अडकावी तसे. पलीकडे, हृदयाच्या डाव्या बाजूला जातं ते स्वच्छ रक्त, आणि तेच मेंदूकडे आणि मज्जारज्जूकडे जातं.

आता समजा, गाळणीला वळसा घालून जायला एखादी चोरवाट असली तर?

ती वाट आपण सगळे जन्माला येताना घेऊनच येतो. आईच्या पोटात बाळाची फुप्फुसं बंद असतात. प्राणवायू येतो तो वारेतून. त्या रक्ताला फुप्फुसात जायचं कारणच नसतं, म्हणून हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात एक फट असते आणि तिच्यावर एक पातळ झडप. रक्त उजवीकडून झडप ढकलून थेट डावीकडे जातं. तिचं वैद्यकीय नाव ‘फोरामेन ओव्हेल’, म्हणजे अंडाकार भोक. बाळाने पहिला टाहो फोडला, की फुप्फुसं उघडतात, डाव्या कप्प्यातला दाब वाढतो आणि झडप दार लोटावं तशी बंद होते. बहुतेकांत ती पुढच्या काही महिन्यांत पडद्याला चिकटून जाते.

बहुतेकांत म्हटलं, सगळ्यांत नाही. १९८४ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी शवविच्छेदनातली ९६५ हृदयं तपासून पाहिली. २७ टक्क्यांहून थोड्या अधिक हृदयांत ही झडप चिकटलेली नव्हती. दर चार माणसांत एक! दाराला कडीच नाही, नुसतं लोटलेलं आहे. एरवी ते लोटलेलंच राहतं. पण माणूस खोकला, कुंथला, जड वजन उचललं, की उजव्या बाजूचा दाब क्षणभर वाढतो आणि दार किलकिलं होतं. आणि बोटीवर चढून आलेला पाणबुड्या पहिलं काम काय करतो? पाठीवरचा जड सिलिंडर उतरवून उचलून ठेवतो.

या वाटेने रक्ताची गुठळी पलीकडे जाऊ शकते, हे जर्मनीच्या कोनहाइम यांनी १८७७ मध्येच सांगितलं होतं. पण गुठळीची गोष्ट बुडबुड्याला लागू करायचं कोणाला सुचलं नाही. सुचलं असतं तरी जिवंत माणसाच्या हृदयातली ही झडप पाहणार कशी? ते साधन १९६८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरला जन्माला आलं. रेमंड ग्रॅमियाक आणि प्रवीण शाह यांनी दाखवून दिलं, की शिरेत किंवा हृदयात द्रव टोचताना त्यात जे सूक्ष्म बुडबुडे जातात ते इकोच्या यंत्रावर ढगासारखे उमटतात. आज ही तपासणी अगदी साध्या सामानात होते. दोन सिरिंज एकमेकींना जोडायच्या, त्यात सलाइन आणि चिमूटभर हवा घेऊन इकडून तिकडे जोरात घुसळायचं आणि ते फेसाळ सलाइन दंडाच्या शिरेत सोडायचं. पडद्यावर उजवा कप्पा पांढऱ्या ठिपक्यांनी भरून जातो. मग पेशंटला सांगायचं, की श्वास कोंडून कुंथ आणि एकदम सोड. डावा कप्पा काळाच राहिला तर दार बंद आहे. त्यातही पांढरे ठिपके उडाले तर दार उघडं आहे. पाणबुड्याला ज्याची भीती, तोच बुडबुडा त्याच्या तपासणीला वापरायचा!

१९८६ मध्ये पीटर विल्म्सहर्स्ट या इंग्लंडच्या हृदयरोगतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका पाणबुड्याची हकिगत छापली. त्याच्या हृदयाच्या पडद्यात भोक होतं आणि बुडबुडे त्यातून पलीकडे गेले होते. हा विल्म्सहर्स्ट स्वतः हौशी पाणबुड्या. मग १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठातल्या मून, कॅम्पोरेसी आणि किस्लो यांचा छोटासा लेख आला. त्यांनी बेंड्स झालेले ३० पाणबुडे या फेसाळ सलाइनने तपासले होते. ११ जणांचं दार उघडं निघालं. आणि ते सगळे ११ जण मेंदूचा किंवा मज्जारज्जूचा गंभीर त्रास झालेल्या १८ जणांपैकी होते. त्याच पद्धतीने तपासलेल्या १७६ निरोगी माणसांत हे प्रमाण फक्त ५ टक्के होतं. (मृत हृदयात सापडणारी प्रत्येक फट इकोत दिसतेच असं नाही, म्हणून हा आकडा मेयोच्या आकड्याहून लहान.) त्याच वर्षाच्या शेवटी विल्म्सहर्स्टनेही असेच आकडे प्रसिद्ध केले. ‘यानेच काहीतरी घाई केली असेल’ असा शिक्का बसलेल्या किती पाणबुड्यांची त्या दोन लेखांनी निर्दोष सुटका केली असेल, कोण जाणे.

आता तुम्ही म्हणाल, मग सोपं आहे. सगळ्या पाणबुड्यांची ही तपासणी करा आणि दार उघडं असलेल्यांना घरी पाठवा. मलाही वाचताना तसंच वाटलं होतं. पण हिशोब करून पाहा. चौघांतला एक घरी पाठवायचा म्हणजे नौदलाचे, तेल कंपन्यांचे एक चतुर्थांश पाणबुडे घरी. त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यात कधी काही होणार नाही. गंभीर बेंड्स मुळातच विरळा. दर दहा हजार बुड्यांमागे जेमतेम दोन-तीन, असा अंदाज १९९८ साली बोव्ह या अमेरिकन डॉक्टरांनी मांडला. झडप उघडी असली तर धोका सुमारे अडीच पट. अडीच पट हा शब्द घाबरवतो, पण कशाच्या अडीच पट ते पाहावं लागतं. म्हणून २०१५ मध्ये ब्रिटिश आणि दक्षिण प्रशांत भागातल्या डायव्हिंग वैद्यकाच्या जाणकारांनी एकत्र बसून ठरवलं, की सरसकट सगळ्यांची ही तपासणी करू नये. ज्याला पूर्वी मेंदूचे, मज्जारज्जूचे, आतल्या कानाचे किंवा त्वचेचे बेंड्स झालेत, ज्याला डोळ्यांपुढे चमचमून मग उठणारी अर्धशिशी आहे, कारण न सापडलेला पक्षाघात होऊन गेला आहे, किंवा ज्याच्या आई-वडील-भावंडांत असा दोष आहे, त्याची करावी. दार उघडं निघालं तर वाटा तीन. बुड्या सोडायच्या, किंवा उथळ आणि थोड्याच वेळच्या बुड्या मारायच्या, किंवा मांडीच्या शिरेतून नळी नेऊन झडपेवर छत्रीसारखं झाकण बसवून घ्यायचं.

थोडक्यात, यंत्राआधी प्रश्न. जुन्या डॉक्टरांना हे ऐकून बरं वाटेल.

आपल्याकडे हे सगळं आलं ते दोन वाटांनी. एक नौदलाची. कुलाब्याच्या ‘अश्विनी’ या नौदलाच्या रुग्णालयाशेजारी इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हल मेडिसिन आहे. पाण्याखालच्या वैद्यकाचं शिक्षण आपल्या डॉक्टरांना तिथे मिळतं. दुसरी वाट तेलाची. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबईच्या पश्चिमेला दीडशेहून अधिक किलोमीटरवर तेल शोधलं, मे १९७६ मध्ये ते वर येऊ लागलं, आणि समुद्रतळावरच्या नळांची देखभाल करायला पाणबुडे हवे झाले. तिथलं पाणी सत्तर-पंचाहत्तर मीटर खोल. इतक्या खाली रोज उतरायचं आणि रोज टप्प्याटप्प्याने वर यायचं, तर सगळा दिवस येण्याजाण्यातच जाईल. म्हणून हे पाणबुडे जहाजावरच्या पोलादी टाकीत, खालच्याच दाबात, आठवडे-आठवडे राहतात. जेवण, झोप सगळं आत. कामाला जायचं तर तशाच दाबाच्या घंटेतून खाली जायचं आणि परत टाकीत यायचं. दाब उतरवतात तो एकदाच, अगदी शेवटी, आणि या खोलीला त्याला तीनेक दिवस लागतात. आतल्या माणसाच्या छातीत कळ आली तरी दार उघडून त्याला हॉस्पिटलात नेता येत नाही. दार उघडणं हाच मृत्यू. हृदय आधीच नीट पाहून घ्यायचं ते यासाठी. ब्रिटनमध्ये तर कामावरच्या पाणबुड्यांचे कायदेशीर नियमच आहेत, आणि १९९७ च्या नियमांनुसार नेमलेल्या डॉक्टरचं सर्टिफिकेट फार तर बारा महिने चालतं.

टाकीतल्या माणसांची गत काय होऊ शकते ते आपण २००५ मध्ये पाहिलं. २६ जुलैचा पाऊस सगळ्यांना आठवतो. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर, इकडे उल्हासने काठ सोडलेले, लोकल बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी, आपण चिखल उपसत असताना, मुंबई हाय नॉर्थच्या फलाटाला आग लागली ही बातमी आली. ‘समुद्र सुरक्षा’ जहाजावरच्या एका कर्मचाऱ्याची बोटं स्वयंपाकघरात कापली गेली होती. त्याला उपचारासाठी फलाटावर चढवायला जहाज जवळ गेलं, लाटांनी आपटलं, तेलवायूचा नळ फुटला आणि दोन तासांत फलाट जळून गेला. ३६२ जण वाचले, २२ गेले. आणि त्या पेटत्या, सोडून दिलेल्या जहाजावर सहा पाणबुडे दाबाच्या टाकीत बंद होते. बाकीच्यांनी समुद्रात उड्या टाकल्या, यांना तेही शक्य नव्हतं. छत्तीस तासांनी त्यांची सुटका झाली. जहाज १ ऑगस्टला बुडालं. ते छत्तीस तास त्या सहा हृदयांनी कसे काढले असतील, याचा विचार मी डॉक्टर म्हणून बऱ्याचदा केला आहे.

झडपेची गोष्ट चटकदार आहे, म्हणून तिच्यावर मी इतका वेळ घेतला. पण खरं सांगायचं तर पाण्यात हृदयामुळे मरणारी बहुतेक माणसं झडपेमुळे मरत नाहीत. पाण्यात गळ्यापर्यंत उतरलं, की पायांतलं रक्त वर सरकतं आणि अर्धा-पाऊण लिटर जास्तीचं रक्त छातीत येतं. हृदयावर तो बोजा. रक्तदाब जास्त असणाऱ्यांच्या फुप्फुसात अशा वेळी पाणी भरू शकतं. हेही त्या विल्म्सहर्स्टनेच १९८९ मध्ये दाखवलं. अमेरिकेत १९९२ ते २००३ या काळात मेलेल्या ९४७ हौशी पाणबुड्यांचा अभ्यास झाला, तेव्हा ज्यांच्या मृत्यूचा उलगडा करता आला त्यांतल्या सुमारे चौथ्या भागात मूळ कारण हृदयाचं होतं. चाळिशी-पन्नाशीतली, बैठ्या कामाची, तुमच्याआमच्यासारखी माणसं.

आणि आता आपल्याकडच्या पाणबुड्यांबद्दल बोलतो, कारण ते माझ्या मनाला लागून राहिलेलं आहे. बारवी धरण, कोंडेश्वरचा कुंड, उल्हासचा काठ. दर पावसाळ्यात सहलीला आलेली पोरं बुडतात. अग्निशमन दल येईपर्यंत, कधी आल्यावरही, बुडी मारतो तो शेजारच्या पाड्यातला नाहीतर गावातला पट्टीचा पोहणारा. ना सिलिंडर, ना चष्मा. छातीत दम भरायचा आणि गढूळ पाण्यात हाताने चाचपत जायचं. त्याला बेंड्स होत नाहीत, त्याची झडप उघडी आहे की बंद याने काही बिघडत नाही. त्याचा धोका वेगळा. श्वास रोखून गार पाण्यात गेलं की नाडी मंदावते, त्याच वेळी धडपडीने आणि भीतीने ती वाढायला पाहते, आणि या ओढाताणीत एखाद्या हृदयाचा ताल चुकतो.

पंचवीसेक वर्षांपूर्वी असाच एक तरुण माझ्या अंबरनाथच्या दवाखान्यात आला. नदीवरच्या एका पंपघराच्या विहिरीत उतरून जाळीतला गाळ-कचरा काढायचं हंगामी काम त्याला मिळत होतं आणि कंत्राटदाराला डॉक्टरचं सर्टिफिकेट हवं होतं. मी रक्तदाब पाहिला, छाती ऐकली. धारदार शरीर, नाडी घोड्यासारखी. ‘फिट’ लिहून सही केली. पाच मिनिटंही लागली नसतील. ईसीजी काढायला त्याला उल्हासनगरला पाठवावं लागलं असतं, त्याचा खाडा झाला असता, आणि गरज तरी काय होती?

सात-आठ वर्षांनी तो दुसऱ्याच कामासाठी आला, पायाला लागलं होतं. ड्रेसिंग होता होता गप्पा निघाल्या. सहज बोलून गेला, ‘‘डॉक्टरसाहेब, लहानपणी दोनदा पोहताना मला घेरी आली होती. काकाने केस धरून काढलं. माझा भाऊ मात्र नदीत गेला. तो तर माझ्यापेक्षा चांगला पोहायचा.’’

माझ्या हातातला बँडेजचा गुंडाळा तसाच राहिला. चांगला पोहणारा पोरगा साध्या पाण्यात बुडतो, भावाला पोहताना घेरी येते. काही घराण्यांत हृदयाच्या विजेचा एक दोष वारशाने येतो. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा तयार व्हायला जरुरीपेक्षा जास्त वेळ लागतो, ईसीजीवर ‘क्यूटी’ नावाचं अंतर लांबलेलं दिसतं. १९५७ मध्ये नॉर्वेत आणि पुढे १९६३-६४ मध्ये इटली आणि आयर्लंडमध्ये अशी कुटुंबं नोंदली गेली. याच्या एका प्रकारात हृदय बंद पडायला निमित्त होतं ते हमखास पोहण्याचं. स्टेथोस्कोपने हा दोष ऐकू येत नाही. सापडतो तो दोन प्रश्नांनी आणि एका कागदाच्या पट्टीने. पोहताना कधी घेरी आली का? घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं का? मी दोन्ही विचारले नव्हते.

त्याच दिवशी मी त्याला रिक्षात बसवून उल्हासनगरला पाठवलं, पैसे मी दिले. पट्टी आली, अंतर लांबलेलं होतं. मुंबईच्या तज्ज्ञांनी गोळ्या चालू केल्या आणि पाणी बंद केलं. मधल्या सात-आठ वर्षांत तो किती वेळा त्या विहिरीत उतरला, किती प्रेतं त्याने काढली, हे त्याने मोजलं नव्हतं.

आता तो पन्नाशीला आलाय. कोणी बुडालं, की अजूनही त्यालाच बोलावणं येतं. प्रवाह कुठे वळतो, बुडालेलं माणूस कोणत्या खडकाला लागतं, ते त्याच्याइतकं कोणाला माहीत नाही. तो काठावर उभा राहतो आणि बाकीच्या पोरांना हाताने जागा दाखवतो. गुडघ्यापलीकडे पाण्यात जात नाही. त्याच्या थोरल्या मुलाचा ईसीजी मी काढवून घेतला, तो ठीक निघाला. धाकटा गावात सगळ्यांत चांगला पोहतो. ‘येतो डॉक्टर आजोबा, पुढच्या आठवड्यात नक्की,’ असं म्हणतो. गेल्या पावसाळ्यापासून म्हणतोय.